चढाईपटू पारखायचा कसा?

२०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात सहा खेळाडूंची बोली एक कोटीपर्यंत किंवा त्याच्या पुढे गेली. मुंबईचा रिशांक देवाडिगा त्यांतलाच. त्याच लिलावात चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाला ३६.४ लाखांत मिळाला. त्या मोसमात त्याने चढायांत २१८ गुण घेतले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. शरीर तर तेच होतं. मग आधी काय दिसलं नव्हतं?

अमेरिकन फुटबॉलमध्येही नवख्यांची धाव, उडी, ताकद मोजून निवड होते आणि मागून घेतलेला एखादा खेळाडू सगळ्यांच्या पुढे निघून जातो. एका दिवसाच्या चाचणीला जे सहज मोजता येतं तेच दिसतं.

कबड्डीची चढाई ३० सेकंदांची. एवढ्यात मध्यरेषा ओलांडून आत जायचं, गडी टिपायचा आणि परत फिरायचं. या स्फोटक हालचालींना लागणारं इंधन म्हणजे स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन. ते काही सेकंदांतच संपत येतं आणि पूर्ववत भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. म्हणून पहिल्या चढाईतली झेप पाहून भुलू नये. पाठोपाठच्या चौथ्या-पाचव्या चढाईत पहिलं पाऊल तितकंच झटकन पडतं का, ते पाहावं. चाचणीत तेवढ्या चढाया मिळतातच कुठे, हा प्रश्न वेगळा.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मंडळांतून मुंबई उपनगरच्या संघापर्यंत पोहोचू पाहणाऱ्या किशोर गटातल्या मुलांची अडचण आणखी निराळी. १६ वर्षांखालच्या या गटात वजनाचीही मर्यादा असते. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास. कोणाची बाराव्या, कोणाची सोळाव्या वर्षी. लवकर वाढलेला मुलगा आज भारी वाटतो, उशिरा वाढणारा मागे पडतो आणि पुष्कळदा खेळच सोडतो. त्यात लवकर वाढलेल्याचं वजन काट्याला टेकलं की आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, उन्हात स्वेटर घालून धावणं. हा शुद्ध अघोरीपणा आहे. वाढत्या वयात असं सुकवलेलं शरीर दुसऱ्या दिवशी मैदानावर पाय ओढतं. उष्माघाताचा धोका वेगळाच.

सर्वांत जास्त लपवला जातो तो गुडघा. धावता धावता थांबून वळताना गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो. ‘कट्’ असा आवाज, काही तासांत सूज, मग जिना उतरताना गुडघा सटकणं. निवड जाईल या भीतीने मुलं पट्टी बांधून खेळतात आणि आतली गादीही फाडून घेतात. शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता बरीच जास्त असते. महिने मोजूनही भागत नाही. एका पायावर लंगडी उडी मारायला लावावी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. त्याला लागते फक्त मोजपट्टी.

कोट्यवधींच्या लिलावातही हा भाग बेभरवशाचाच राहतो. सिद्धार्थला २०२१-२२ च्या मोसमात दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळता आले.