सीमेपलीकडची फी (लेखांक ९) : चार तालुक्यांची यादी

या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांबद्दल लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या वेळी घेऊ. अक्कलकोट तालुक्यातून एक पत्र आलं आहे आणि ते थांबवून ठेवण्यासारखं नाही, कारण पत्र लिहिणाऱ्यांच्या मुलाला अकरावीचा प्रवेश आत्ताच घ्यायचा आहे.

घरात कन्नड बोलतात. मुलगा जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत शिकला, दहावी तालुक्यातच झाला. निम्मे नातेवाईक इंडी आणि आळंद भागात. मामा विजापुरात असतात, म्हणून मुलाला तिकडे पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) घालावं असं घरच्यांच्या मनात आहे. मुलाला डॉक्टर व्हायचं आहे. पत्रात ते विचारतात, ‘इंदूरच्या जोशी खटल्यात राहण्याचं ठिकाण मोलाचं ठरलं असं तुम्ही लिहिलंत. आमचं गाव सीमेला लागून आहे. मग फीच्या हिशेबात आम्ही कुठले?’ (इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या राज्यातल्या मुलांकडून घेतलेल्या जादा फीचा तो खटला.)

आधी उत्तर देतो, मग कारण सांगतो. मुलाची बारावी महाराष्ट्रातच होऊ द्या. सोलापुरात करा, अक्कलकोटला करा, लातूरला पाठवा, पण सीमा ओलांडू नका. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्याच्या वाट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातल्या संस्थेतून दिलेल्या लागतात, शिवाय डोमिसाईल लागतं. सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत. शेतकऱ्याच्या मुलासाठी नाहीत. बारावी विजापूरला झाली, तर सोलापूरच्या वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा राज्य कोटा या मुलाला बंद होतो. उरतात त्या अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागा, नाहीतर खासगी महाविद्यालयाची फी. आणि दोन वर्षं पीयूसी केली म्हणून कर्नाटक त्याला आपला मानेल, असंही नाही. तिथल्या सर्वसाधारण नियमात पहिली ते बारावी या काळातली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात.

म्हणून सीमाभागातल्या पालकांना मी पुन्हा पुन्हा सांगतो : कॉलेजची फी कॉलेजात ठरत नाही, अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी ठरते. त्या दिवशी घरात बोलणं होतं ते क्लासेसचं, वसतिगृहाचं, मामाच्या घराचं. प्रवेश माहितीपुस्तिका दोन वर्षांनी हातात येते आणि तोवर काही बदलता येत नाही.

पण या कुटुंबाकडे आणखी एक दरवाजा आहे. त्याची त्यांना कल्पना नाही असं पत्रावरून दिसतं. आजचा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश केईए, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, करतं. त्यांच्या पात्रतेच्या कलमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ नावाचा एक गट आहे, म्हणजे सीमेवरचे कन्नडिग. मातृभाषा कन्नड असलेली आणि राज्याबाहेरच्या ठरावीक तालुक्यांत राहून तिथंच शिकलेली मुलं या गटात येतात. महाराष्ट्रातले तालुके चार : दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज. केरळातला कासरगोडकडचा भागही त्यात आहे. या मुलांना कन्नडची भाषा चाचणी द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली की सरकारी जागांसाठी ती मुलं कर्नाटकातल्या मुलांच्या रांगेत उभी राहू शकतात.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत सावरून बसलो. हेच चार तालुके का? मंगळवेढ्याची हद्दही कर्नाटकाला लागते, पण त्याचं नाव नाही. उत्तर १९६७ सालात आहे. न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांच्या आयोगाने त्या वर्षी सीमाप्रश्नावर अहवाल दिला. महाराष्ट्राला २६४ गावं आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याला २४७ गावं द्यावीत अशी त्यात शिफारस होती. ती २४७ गावं याच चार तालुक्यांतली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तोच अखेरचा मानला. नकाशा जिथल्या तिथे राहिला, पण शिफारशीतले तालुके प्रवेशाच्या नियमांत जाऊन बसले आणि आजही दर उन्हाळ्यात नव्याने छापले जातात.

महाराष्ट्राच्या नियमांत याचंच प्रतिबिंब सापडतं. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या अभियांत्रिकीच्या माहितीपुस्तिकेत उमेदवारांचे प्रकार दिलेले असतात. त्यातला ‘ई’ प्रकार विवादित सीमाभागातल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, तिथली ही मुलं : बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारकडची, बिदर-भालकीकडची. गाव यादीतलं असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक दाखला जोडला की अर्ज महाराष्ट्राच्या उमेदवारांत मोजला जातो. २००४ पासून जो दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे, तोच इथे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या अर्जातला एक रकाना होतो.

दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचावेत. कर्नाटक तालुका मोजतं, महाराष्ट्र गाव मोजतो. कर्नाटक भाषेची परीक्षा घेतं, महाराष्ट्र भाषेचा दाखला मागतो. आणि दोन्ही राज्यं एकच गोष्ट कबूल करतात, की सीमा ओढली गेली तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलाला तिची किंमत मोजायला लावू नये. आपल्या प्रवेशनियमांत इतकी माणुसकी क्वचित सापडते, म्हणून या कलमांवर माझा जीव आहे.

इथे जाणत्या वाचकाच्या मनात एक शंका येईल. मातृभाषा पाहून प्रवेश देणं घटनेत बसतं का? जोशी खटल्यात आपण भेदभावाला मनाई करणारं कलम १५ पाहिलं. त्यात जन्मस्थान आहे, निवासस्थान नाही, आणि त्या एका फरकावर १९५५ मध्ये चार विरुद्ध एक असा निकाल लागला. भाषेसाठी मात्र कलम २९ चा दुसरा खंड उघडावा लागतो. सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही, असं तो सांगतो. या खंडाची एक मोठी कसोटी लागली ती आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या देवळालीत.

जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाबाहेरची मुलं सोडून इतरांना घेऊ नये. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयात गेली, काही पालकही गेले. राष्ट्रभाषेच्या वाढीसाठी हे पाऊल आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयात सरकार हरलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही हरलं. हेतू कितीही चांगला असला तरी मुलाला दारातून परत पाठवण्याचं प्रत्यक्ष कारण काय, तेच पाहायचं, असं न्यायालयाने म्हटलं.

मग गडिनाडू आणि ‘ई’ प्रकार कसे टिकतात? माझं वाचन असं आहे : त्यांत भाषा एकटी उभी नाही. तिच्याबरोबर गाव आहे, तालुका आहे, शाळेत काढलेली वर्षं आहेत. शिवाय ही कलमं कोणाला बाहेर काढण्यासाठी नाहीत, बाहेर पडलेल्याला आत घेण्यासाठी आहेत. खंडातला ‘केवळ’ हा शब्द इथे फार उपयोगी पडतो.

तरीही एक मूल दोन्ही याद्यांतून निसटतं. विजापूर जिल्ह्यातल्या चडचणजवळचं मराठी घर घ्या. आठवडी बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं सोलापूरकडे. पण गाव ८६५ च्या यादीत नाही, म्हणून मातृभाषा मराठी असूनही ‘ई’ प्रकार लागू होत नाही. तो मुलगा सोलापुरात साध्या बी.कॉम.ला आला तरी दुसऱ्या राज्याच्या मंडळाचा म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र यांच्या मागे धावतो. महाराष्ट्राचं डोमिसाईल नसल्याने राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतली निम्मी फी माफ होत नाही. मुलगी असेल, तर २०२४ पासून महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींना दिलेली संपूर्ण शिक्षणशुल्काची माफीही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सीमेच्या अलीकडच्या मैत्रिणीला ती मिळते.

अमेरिकेत हा प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटला आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत स्थानिक करदात्यांचा पैसा असतो, म्हणून बाहेरच्या राज्यातल्या मुलाला जास्त फी पडते. पण मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या शेजारी राज्यांनी अनेक दशकांपूर्वी आपसात करार केला आणि एकमेकांच्या विद्यार्थ्यांची परकेपणाची जादा फी काढून टाकली. तिथे मुलाची मातृभाषा कोणी विचारत नाही आणि जुना वादही आड येत नाही. सोलापूर, विजापूर आणि कलबुर्गी या तीन जिल्ह्यांपुरता असा करार महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने करावा. पदवीच्या साध्या अभ्यासक्रमांपासून सुरुवात करावी. सीमाप्रश्नाच्या निकालाशी त्याचा काही संबंध नाही. खटला चालू असतानाही दोन्हीकडची मुलं शिकत असतात.

आता पुन्हा पत्राकडे. तुमच्या मुलाची मातृभाषा कन्नड, तालुका अक्कलकोट, शाळा तालुक्यातली. बारावीही तालुक्यातच झाली तर महाराष्ट्राचा राज्य कोटा त्याच्या हातात राहतो आणि गडिनाडूचा अर्जही करता येतो. दोन राज्यांचे दोन दरवाजे एकाच मुलाला उघडे असणं ही मोठी संधी आहे. त्यासाठी आत्तापासून शाळांचे सगळे दाखले पहिलीपासून ओळीने लावून ठेवा. जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते आजच पाहा. चूक असेल तर शाळेमार्फत दुरुस्तीचा अर्ज करा, कारण मूल शाळेत असताना ही दुरुस्ती सोपी जाते. अटींची शब्दरचना दरवर्षी थोडी बदलते, म्हणून त्या वर्षीची केईएची आणि सीईटी सेलची पुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि मामांना सांगा, भाचा सुट्टीत येईल.

पुढच्या आठवड्यात शिष्यवृत्तीचे अर्ज. त्यानंतर मोहिनी जैन खटला : कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत राज्यातल्या मुलाला २५ हजार आणि बाहेरच्याला ६० हजारांपर्यंत फी होती, त्या काळाची गोष्ट. सोलापूरच्या ज्या घरांनी तेव्हा ती फी भरली, त्यांनी जुन्या पावत्या जपल्या असतील तर मला जरूर कळवावं.