उजनीच्या मापानं अमेरिका

पावसाळ्यात भिगवणच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन आकडे हमखास कानावर पडतात : दौंडचा विसर्ग किती आणि उजनी किती टक्के. क्युसेक आणि टीएमसी हे शब्द इथं कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणूनच मला वाटतं, या पट्ट्यातून मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांजवळ तो देश मोजायचं एक फार चांगलं माप आहे. तिथल्या पाट्यांवर मैल, फूट, गॅलन, एकर-फूट लिहिलेलं असतं. मुलं म्हणतात, ‘आई, बाबा, इथं उभं राहा, फोटो काढतो,’ आणि आकडा डोक्यावरून जातो. तोच आकडा उजनीत मोजला तर अंगावर येतो.

आधी माप नीट पाहू. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. पूर्ण भरलं की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यातलं. त्यामुळे ‘उजनी शून्यावर आली’ अशी बातमी येते तेव्हाही पोटात निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतं, आणि उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये जातं ते याच हिशेबानं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २,८०० कोटींच्या वर. भरलेली उजनी जगातल्या ८०० कोटी माणसांना वाटली, तर प्रत्येकाच्या दारात दोनशे लिटरचे दोन पिंप भरून ठेवता येतील. असं हे माप आहे, लहान नाही.

आता नायगारा. मुलगा न्यू जर्सीत असला तर ही सहल ठरलेलीच. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर, पुणे-नागपूरपेक्षा थोडंसंच कमी, आणि मुलं ते शनिवार-रविवारला जोडून एक दिवस सुटी काढून उरकतात. तिथं किती पाणी कोसळावं हे निसर्गावर सोडलेलं नाही. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० साली करार केला, की पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून किमान १ लाख क्युसेक पाणी सोडायचं. रात्री आणि हिवाळ्यात किमान ५० हजार. उरलेलं पाणी वरच्या अंगाला वळवून वीज करायची. म्हणजे नायगाराचाही विसर्ग ठरतो, दरवाजे चालवणारी माणसं असतात आणि पाहुण्यांसाठी पाणी वाढवलं जातं.

एक लाख क्युसेक! हा आकडा भीमाकाठच्या माणसाला ओळखीचा आहे. घाटमाथ्यावर चार दिवस पाऊस लागला, खडकवासल्यापासून वरची सगळी धरणं भरून वाहू लागली, की दौंडचा विसर्ग लाखाच्या पुढे जातो आणि खाली उजनीतूनही तेवढं पाणी सोडावं लागतं. मग पंढरपूरचं वाळवंट पाण्याखाली जातं. त्या दिवशी आपल्या नदीतून अख्खा नायगारा वाहत असतो. योगायोग इथंच संपत नाही. नायगाराचा सर्वांत मोठा भाग म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा धबधबा. त्याची उंची सुमारे ५७ मीटर. उजनीच्या भिंतीची पायापासूनची उंची ५६ मीटरच्या थोडी वर. होडीतून त्या धबधब्याच्या पायथ्याशी नेतात तेव्हा अंगावर पातळ निळा रेनकोट असतो, चष्म्यावर तुषार साचतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा मान वर करून मनात म्हणायचं, की उजनीची भिंत आहे, आणि तिच्या माथ्यावरून महापुराचं पाणी एका वेळी खाली येतंय. मला तरी नायगाराची याहून अचूक कल्पना करता आलेली नाही.

तो दिवसाचा विसर्ग अखंड चालू ठेवला तर एक टीएमसी भरायला पावणेतीन तास लागतील आणि कोरडी ठणठणीत उजनी साडेतेरा दिवसांत काठोकाठ होईल. फरक पडतो तो पुढे. आपला पूर चार-आठ दिवसांत ओसरतो, तिथं हे वर्षानुवर्षं चालतं. विजेसाठी वळवलेलं पाणी धरून नायगारा नदीचा सरासरी प्रवाह २ लाख क्युसेकच्या आसपास आहे. वर्षाला त्यात चोपन्न उजन्या भरतात.

एवढं पाणी येतं कुठून, याचं उत्तर शिकागोत मिळतं. मुलगी तिकडे असेल तर पहिल्याच संध्याकाळी ती मिशिगन सरोवराच्या काठावर नेते. लाटा येतात, पलीकडचा काठ दिसत नाही, आणि घरचे सगळे त्याला समुद्रच म्हणतात. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सातारा या चार जिल्ह्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर भरतं. हे सरोवर जवळपास तेवढंच. भोरच्या घाटापासून सांगोल्यापर्यंत, अकोल्याच्या डोंगरापासून कराडपर्यंत सलग पाणी, आणि त्याची सरासरी खोली ८५ मीटर, उजनीच्या भिंतीच्या दीडपट. आत १,४८० उजन्या मावतात. नायगाराकडे पाणी पाठवणाऱ्या चार मोठ्या सरोवरांपैकी हे एक. सुपीरियर याच्याहूनही मोठं आहे.

पश्चिमेला गेलं की मात्र पाण्याऐवजी खड्डा पाहायचा असतो. कोलोरॅडो नदीनं कोरलेली ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आहे, आणि तिची खोली सुमारे १,६०० मीटर. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १,६४६ मीटर. तिथं कठड्याशी उभं राहिलं की खाली महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराएवढी पोकळी असते. ती भरायला साडेबाराशे उजन्या लागतील.

त्याच नदीवर लास व्हेगासजवळ हूवर धरण आहे. माझ्या मते भिगवणच्या माणसानं अमेरिकेत एकच जागा पाहायची ठरवली तर ही पाहावी. १९३५ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. भिंतीची उंची २२१ मीटर, उजनीच्या जवळपास चौपट; लांबी मात्र अवघी ३७९ मीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मिनिटांत चालून होतं. उजनीची भिंत अडीच किलोमीटर लांब आहे. मागच्या मीड सरोवरात पूर्ण भरल्यावर २ कोटी ६० लाख एकर-फूट पाणी मावतं. तिथल्या फलकावर हे एकक दिसलं तर एक हिशेब ध्यानात ठेवा : दहा लाख एकर-फूट म्हणजे साडेत्रेचाळीस टीएमसी. त्या हिशेबानं मीड सरोवर १,१३० टीएमसीच्या घरात जातं, दहा उजन्यांपेक्षा थोडं कमी. २०२२च्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे ते २७ टक्क्यांपर्यंत खाली आलं आणि जगभर चिंतेच्या बातम्या झाल्या. तेव्हाही त्यात अडीच उजन्या शिल्लक होत्या.

त्या सरोवरानं सेंट थॉमस नावाचं गाव गिळलं. १९३८ साली पाणी दारात आलं आणि शेवटचा रहिवासी होडीत बसून बाहेर पडला. पाणी ओसरतं तेव्हा घरांचे पाये, पायऱ्या वर येतात आणि लोक ते पाहायला जातात. उजनी खाली गेली की पळसदेवच्या जुन्या मंदिराचं शिखर असंच वर येतं, आणि ज्यांची घरं, विहिरी, काळी जमीन तिथं बुडाली त्या घरांतली माणसं अजून पुनर्वसित गावांत राहतात. त्यांनी सेंट थॉमसच्या त्या पायऱ्या पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. गाईडनं सांगण्याची वाट न पाहता त्यांना ते गाव कळेल.

एका बाबतीत मात्र उजनी मीडला मागे टाकते. मीडचा पसारा साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या आत, उजनीचा सुमारे तीनशे. पाणी एक दशांश आणि फुगवटा जवळपास निम्मा, म्हणजे पाणी पातळ पसरलेलं. मीडची सरासरी खोली ५० मीटर, उजनीची जेमतेम ११. काठाकाठानं तर गुडघाभरच. म्हणून कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी पाण्यात पाय रोवून, चोच उलटी करून चिखल गाळत उभे राहू शकतात. खोल पाण्यात त्यांना हे जमलं नसतं. अमेरिकेतल्या शाळांना डिसेंबरअखेर नाताळची सुटी असते, आणि हिवाळा हाच इथं पक्षी बघायचा काळ. नातवंडं तेव्हा येणार असतील तर पहाटेची होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी, आणि जाताना नावाड्याला पाण्यात बांबू उभा करून खोली दाखवायला सांगावं.