निवडायचं नाही

सोयाबीनचं बियाणं हातात घेतलं की कळतं, असं सांगणारे औसा तालुक्यात पुष्कळ भेटले. शंभर दाणे मोजल्याशिवाय काही कळत नाही, असं ठामपणे म्हणणाऱ्या एक ताई भेटल्या, म्हणून मे महिन्यात त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

घरचंच बियाणं होतं. पोत्यांच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून ताईंनी ते ताटात मिसळलं आणि मोजायला घेतलं. शेजारी बसलेल्या सासूबाईंचा हात सवयीनं ताटात गेला आणि एक फुटका दाणा बाहेर आला. ताईंनी तो उचलून परत आत टाकला. "आत्याबाई, निवडायचं नाही. पोत्यात फुटके हायेत, तर इथंबी पायजेत."

डाळ-तांदूळ निवडण्यात जन्म गेलेल्या घरात ही शिस्त सोपी नाही. चांगले दाणे वेचून घेतले असते तर उत्तर गोड आलं असतं आणि नुकसान पेरणीनंतर कळलं असतं.

ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला बारदाना घालून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. अशा तीन गुंडाळ्या, कारण एका शंभरात योगायोगानं बरे दाणे जास्त येऊ शकतात. "सत्तर," ताई म्हणाल्या. "सत्तर उगवले तर एकरी तीस किलो. खाली गेलं तर हिशोबानं वाढवायचं." प्रमाणित सोयाबीन बियाण्यालाही उगवणीची किमान अट ७० टक्क्यांचीच आहे.

सोयाबीनची साल पातळ असते. मळणी यंत्राचा वेग जास्त झाला, पोती आपटली, थप्पी उंच रचली, की आतला अंकुर दुखावतो. दाणा मात्र वरून टपोराच दिसतो. म्हणून हाताच्या अंदाजावर माझा विश्वास उरलेला नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, अशा हजारो तक्रारी राज्यात झाल्या. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली.

सहाव्या दिवशी गुंडाळ्या उघडल्या. ओल्या तागाचा उग्र वास ओसरीभर पसरला; आजही पोतं भिजलं की मला ती ओसरी आठवते. ताईंचे यजमान वाकून म्हणाले, "हे बारके कोंबबी धर की." ताईंनी धरले नाहीत, कारण असे कोंब मातीतून वर येत नाहीत. ७१, ६६, ६४. सरासरी ६७. सत्तरला तीन कमी. "एकरी साडेएकतीस किलो," एवढंच त्या बोलल्या.

पाऊस कसा पडेल, हे या चाचणीतून कळत नाही. बियाण्यात दम किती, एवढं मात्र कळतं, तेही पेरणीआधी आणि जुन्या बारदान्याच्या खर्चात. गेल्या साली उगवलं म्हणून यंदाही उगवेल, असं वाटण्यात गैर काही नाही. पण ते तपासायची सोय घरात असताना न तपासणं गैर आहे. माझ्या लेखी विज्ञानाची रीत ती हीच: आपल्याला हवं ते उत्तर खोटं ठरण्याची पुरती संधी द्यायची आणि आलेला आकडा मान्य करायचा.

ही रीत शेतापुरती नाही. अमक्या काढ्यानं, तमक्या अंगठीनं गुण आला, असं आपण ऐकतो, तेव्हा ते उगवलेले दाणे तेवढे वेचलेले असतात. यापुढे कोणी असं सांगितलं, तर गुण न आलेले किती होते, हेही जरूर विचारा.