कनेक्शन रिफ्यूज्ड आली? कोड खोडू नका, आधी एरर वाचा

आजचा प्रश्न हिवरखेडहून आलाय. एका विद्यार्थ्याचा आवाजी निरोप आहे : "दादा, पायथनचा चॅट प्रोग्राम माह्या लॅपटॉपवर बराबर चालते. मंग मित्राच्या लॅपटॉपवरून काहून जोडत नाही? परवा प्रॅक्टिकल आहे. सगळा कोड पुन्हा लिहू का?"

नाही भाऊ, थांब. कोड बहुतेक ठीक आहे, पत्ता चुकलाय.

त्याच्या क्लायंटमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता होता. या पत्त्याचा अर्थ 'मी स्वतः'. म्हणजे मित्राचा लॅपटॉप स्वतःचंच दार ठोठावत होता आणि तिथे सर्व्हर नव्हताच. म्हणून 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. विंडोजवर तिचा क्रमांक १००६१, लिनक्सवर १११. सहसा तिचा अर्थ असा की मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही.

उपाय दोन. सर्व्हरच्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग चालवा आणि दिसेल तो पत्ता क्लायंटमध्ये टाका. सर्व्हरच्या बाइंडमध्येही १२७.०.०.१ असेल, तर तिथे ०.०.०.० करा. नाहीतर तो बाहेरच्या कोणाचंच ऐकणार नाही.

एवढं केल्यावर कदाचित दुसरी एरर येईल : 'टाइम्ड आउट', विंडोजवर १००६०. घाबरू नका. आता हाक गेली, पण उत्तरच आलं नाही. तीन गोष्टी तपासा. दोन्ही लॅपटॉप एकाच हॉटस्पॉटवर आहेत का? हॉटस्पॉट बंद-चालू केल्यावर पत्ता बदलला का? आणि फायरवॉल पायथनला अडवतेय का? अख्खी फायरवॉल बंद करू नका. फक्त पायथनला प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्या.

मित्र अकोल्यात आपल्या मोबाईल डेटावर बसला असेल, तर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता त्याच्या कामाचा नाही. तो पत्ता तुमच्या हॉटस्पॉटपुरताच.

तिसरी एरर सर्व्हर पुन्हा सुरू करताना येते : 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. बहुतेक वेळा जुना प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत चालूच असतो. तो बंद करा. लिनक्सवर तो बंद केल्यावरही पोर्ट साधारण मिनिटभर अडकून राहू शकतो. तिथे बाइंडच्या आधी रीयूज-ॲड्रेसचा पर्याय लावतात.

शंका असेल तर सर्व्हरच्या मशीनवर नेटस्टॅट चालवा. आपल्या पोर्टपुढे 'लिसनिंग' दिसलं, तर सर्व्हर जागा आहे. शेजारचा पत्ताही बघा, तिथे ०.०.०.० हवं.

सॉकेटची ही पद्धत १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून आली. तेव्हापासून शिकणारे याच दारांवर अडकतात, तुम्ही काही पहिले नाही. एक लक्षात ठेवा : एरर बदलली म्हणजे आपण एक पाऊल पुढे सरकलो. प्रॅक्टिकलला परीक्षकांनी विचारलं, तर हेच सांगा.

भेटू पुढच्या भागात!