चेंडू चालला, कप्तानी चालली नाही!

अमेरिकेत १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बेसबॉलमधील वर्णभेदाच्या भिंतीला भगदाड पडले. १९९७ साली त्याचा ४२ हा क्रमांक सर्व संघांतून सन्मानाने निवृत्त करण्यात आला. आमच्या रत्नागिरीतल्या किती मुलांना पालवणकर बाळू हे नाव ठाऊक आहे?

हे आडनाव आपल्या कोकणातल्या पालवण गावावरून आले. चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील फौजेत नोकरीला. पुण्यात पारशी क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे बाळूंना महिना तीन रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात चार रुपये. साहेबांना सराव मिळावा म्हणून ते तासन्तास डाव्या हाताने चेंडू टाकत राहिले. त्यातूनच देशातला अव्वल फिरकी गोलंदाज घडला.

पुण्यातल्या सवर्णांच्या क्लबाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे झाले. पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा, जेवणाला वेगळे ताट. म्हणजे त्यांच्या हातचा चेंडू विटाळत नव्हता, कप तेवढा विटाळत होता!

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम होते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ हरत होता, बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० साली बाळूंना वगळले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल या भावालाही डावलले, तेव्हा भावांनी खेळायलाच नकार दिला. हा सत्याग्रहच होता. बाळूंना उपकर्णधार करून परत आणावे लागले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि संघाने स्पर्धा जिंकली.

आरक्षणाचा विषय निघाला की 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून गळा काढणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. बाळूंकडे कोणती गुणवत्ता कमी होती? वकिलीच्या भाषेत बोलायचे तर पुरावा धावफलकावर होता. निकाल मात्र जात बघून लागत होता.

आपल्यातले काही जण बाळूंचे नाव निघताच गप्प होतात. कारण १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. खरे आहे. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. १९३२ च्या पुणे करारावरही बाळूंची सही आहे, आणि धर्मांतराचा विचार त्यांना पटला नव्हता. या भूमिका मला मान्य नाहीत. पण बाबासाहेबांना बाळूंच्या कर्तृत्वाविषयी आदर होता, हे विसरून कसे चालेल? मतभेदांपायी आपण आपला माणूस इतिहासातून पुसला, तर मंडपाबाहेर चहा देणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला?

४ जुलै १९५५ रोजी बाळू मुंबईत वारले. आज कोकणात वाडीवाडीत क्रिकेटचे सामने भरतात, भीमजयंतीलाही भरतात. बांधवांनो, त्यातल्या एका तरी चषकाला पालवणकर बाळूंचे नाव द्या. आणि तो चषक देताना पोरांना त्या मातीच्या भांड्याची गोष्ट सांगा.