संगणकाचे रोग आणि भयाचा व्यापार

रोगाची माहिती थोडी आणि रोगाचे भय मोठे अशी स्थिती जेथे असते, तेथे रामबाण औषध विकणाऱ्याचा धंदा कधी बसत नाही. सर्व व्याधींवर एकच पुडी देणारे लोक आमच्या वऱ्हाडातील आठवडी बाजारांना नवे नाहीत. अशा फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९५४ साली औषधे व जादूचे उपाय यांविषयीचा कायदा झाला. त्यानंतरच्या काळात संगणक आणि मोबाइल घरोघरी आले. सातबारा, पीकविमा, मुलांचे प्रवेश-अर्ज, बँकेतील शिल्लक हे सारे त्यांतून चालू लागले. त्याबरोबर पुडीवालाही नव्या वेषात आला. संगणकातील विषाणूंविषयी तो जे दावे करतो, त्यांची पारख कशी करावी, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की धोका काल्पनिक नाही. संगणकाचा विषाणू म्हणजे काही जंतू नव्हे. ती माणसाने लिहिलेली आज्ञावली असते आणि ती दुसऱ्या आज्ञावलीत स्वतःची प्रत घुसवते. घरगुती संगणकांत पसरलेला ‘ब्रेन’ हा आरंभीचा विषाणू १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याचा उपद्रव थोडा होता. पुढचे तसे राहिले नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत अशीच घातक आज्ञावली शिरली आणि सुमारे ९४ कोटी रुपये बाहेर गेले. भय खरे आहे, म्हणूनच भयाचा व्यापार चालतो. या व्यापाराचे तीन प्रकार आम्हांस दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे रिकामी बाटली. एप्रिल २०१४ मध्ये ‘व्हायरस शील्ड’ नावाचे एक मोबाइल अॅप गूगलच्या दुकानात विक्रीस होते. किंमत सुमारे चार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने २४० रुपये. दहा हजारांहून अधिक लोकांनी ते घेतले आणि नावाजलेही. तपासणीअंती आढळले की बोट लावताच पडद्यावरील फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवणे, यापलीकडे ते काहीच करीत नव्हते! गूगलने ते काढून टाकले व ग्राहकांचे पैसे परत केले.

दुसरा प्रकार खोट्या निदानाचा. अमेरिकेतील ‘ऑफिस डेपो’ या दुकानसाखळीत संगणकाची मोफत तपासणी होत असे. तेथील सरकारी व्यापार आयोगाचा आरोप असा होता की तपासणीपूर्वी ग्राहकाला चार प्रश्न विचारत : संगणक मंद चालतो का, मध्येच बंद पडतो का, वगैरे. एकाला जरी ‘होय’ म्हटले, तरी तपासणीत काही सापडो वा न सापडो, विषाणूची लक्षणे असल्याचा निर्वाळा मिळे आणि शेकडो डॉलरांची दुरुस्ती गळ्यात पडे. मार्च २०१९ मध्ये ही कंपनी व तिला आज्ञावली पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म. पहारेकरी खरा, पण तोच घरातील बातम्या बाहेर विकतो. ‘अव्हास्ट’ ही अँटीव्हायरस बनवणारी जगप्रसिद्ध कंपनी. कोणी तुमच्यावर पाळत ठेवू नये म्हणून आमची वस्तू घ्या, असे ती सांगे. पण ग्राहक कोणकोणती पाने पाहतात याची माहिती तिने स्वतःच जमवून इतरांना विकली, असे त्याच आयोगाने म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरण्यास सांगण्यात आले.

आता ‘शंभर टक्के संरक्षण’ या लाडक्या वाक्याकडे वळू. हे वाक्य तर्कालाच सोडून आहे. १९८४ साली फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने ते सोप्या युक्तिवादाने दाखवले. समजा, कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे अचूक सांगणारा एक परीक्षक आहे. आता अशी आज्ञावली लिहू की जी त्याच परीक्षकाला स्वतःविषयी विचारील. तो ‘विषाणू’ म्हणाला तर ती स्वस्थ बसेल. ‘निर्दोष’ म्हणाला तर पसरू लागेल. परीक्षक काहीही म्हणो, तो चुकणारच. सारांश, कधीही न चुकणारा परीक्षक असूच शकत नाही.

यावरून अँटीव्हायरस निरुपयोगी ठरत नाही. आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागू नये. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवणशक्तीची अट असते. पिशवीवर आकडा आणि मुदत छापलेली असते. शंभर टक्के उगवणीची हमी देणाऱ्याकडे शहाणा शेतकरी संशयाने पाहतो आणि पावती मागितल्याशिवाय दुकानातून उठत नाही. मग तोच मनुष्य मोबाइलच्या पडद्यावर ‘तुमच्या फोनमध्ये पाच विषाणू, ताबडतोब दाबा’ हे वाचून का घाबरावा? इंटरनेटवरील एखादे पान केवळ उघडल्याने त्याला तुमच्या यंत्रातील साठा तपासता येत नाही. त्यावरील आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी जाहीर केली. विषाणूची खोटी भीती घालून खोटे औषध विकणे ही त्यांतील एक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत व पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

उरला प्रश्न आपण काय करावे हा. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत आहे. घरगुती कामास पुष्कळांना तो पुरतो. केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून विनामूल्य साधने देते. यंत्रातील आज्ञावली अद्ययावत ठेवावी, महत्त्वाच्या कागदांची प्रत वेगळी जपावी, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये. एवढे करूनही अँटीव्हायरस विकत घ्यावासा वाटला तर अवश्य घ्यावा; मात्र विकणाऱ्यास तीन गोष्टी विचाराव्यात. याची परीक्षा तुमच्याखेरीज कोणी केली? ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज व जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्था आपले निकाल प्रसिद्ध करतात. हे कशापासून वाचवत नाही? आणि माझी कोणती माहिती तुम्ही घेता? या प्रश्नांनी जो विक्रेता चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नये. जो सरळ उत्तर देईल आणि आपल्या मालाची मर्यादाही सांगेल, त्याला पैसे द्यावेत व पावती घ्यावी.