प्रोग्रॅमिंगचा पेपर आणि रात्रीची जागरणे

आपल्या जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परीक्षा जवळ आली की डोकेदुखी, आम्लपित्त, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन तेथे शिकणारी मुले माझ्याकडे येतात. विचारपूस केली की गाडी पुष्कळदा प्रोग्रॅमिंगच्या विषयावर येऊन थांबते. बारावीपर्यंत हुशार गणलेले मूल या एका विषयात नापास होते आणि ‘आपल्या डोक्यातच हे नाही’ असे ठरवून टाकते.

दोष बहुधा डोक्याचा नसून अभ्यासाच्या पद्धतीचा असतो. कृती वाचून भाकरी थापता येत नाही, तसेच प्रोग्रॅम पाठ करून प्रोग्रॅमिंग येत नाही. रोडिगर व कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली असा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे ध्यानात घ्यावे.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) प्रोग्रॅम समजला की पुस्तक मिटून तो कोऱ्या कागदावर लिहावा. अडल्यास आधी विचार करावा, मगच पुस्तक उघडावे.

२) संगणकावर चालवण्यापूर्वी उत्तर हाताने काढावे. १ ते ५ अंकांची बेरीज असेल, तर प्रत्येक फेरीनंतरची बेरीज मांडावी : १, ३, ६, १०, १५.

३) रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोज पाऊण तास सराव करावा.

४) संगणकाने चूक दाखवली म्हणजे नापासाचा शेरा मिळाला असे नव्हे. तापासारखे ते लक्षण समजावे व कारण शोधावे. पहिली चूक आधी दुरुस्त करावी. खालच्या बऱ्याच चुका तिच्यामुळेच दिसत असतात.

५) किमान सात तास झोपावे. शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतही चालते. जागरणासाठी घेतलेल्या चहा-कॉफीतील निम्मे कॅफिन सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असते. म्हणून संध्याकाळनंतर ती टाळावी.

पालकांना एक विनंती. एक विषय राहिला म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. तो विषय पुन्हा देता येतो. मात्र मूल दोन आठवडे उदास असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा कानावर आल्यास एक दिवसही थांबू नका. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो व सल्ला मोफत मिळतो.